क्युसा: यकृत कापायला नव्हे, शिरा उघड्या करायला

यकृताच्या शस्त्रक्रिया वर्षाकाठी मोजक्याच होत असतील आणि त्यातल्याही बहुतेक कडेच्या लहान गाठी काढण्याच्या असतील, तर क्युसा (अल्ट्रासॉनिक कंपनांनी ऊतक फोडून शोषून घेणारं यंत्र) विकत घेऊ नका. साधा केली क्लॅम्प (ऊतक चिमटीत धरून चुरडायचा चिमटा), चांगला बायपोलर (विजेच्या चटक्याने शिरा बंद करणारा चिमटा) आणि भूलतज्ज्ञाशी जमलेला मेळ एवढ्यावर ते काम उत्तम होतं, आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. जिवंत दात्याच्या यकृताचा उजवा लोब (भाग) काढायचा असेल, गाठ मधल्या हिपॅटिक व्हेनला (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेला) खेटून असेल किंवा दुर्बिणीतून मोठं रिसेक्शन (यकृताचा भाग कापून काढणं) करायचं असेल, तर मात्र हे यंत्र ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हवं. डेमो द्यायला येणारी मंडळी बहुधा भलतंच कारण पुढे करतात: ‘रक्तस्राव निम्म्यावर येतो.’ तसं होत नाही. का होत नाही, आणि तरीही यंत्र कामाचं कसं, ते पुढे मांडलं आहे.

ओटीत कुठल्याही अल्ट्रासॉनिक अ‍ॅस्पिरेटरला क्युसाच म्हणतात. कन्सोलवर इंटेग्राचं नाव असो, सोरिंगचं असो की मिसोनिक्सचं, तत्त्व एकच आहे. दातांवरचं किटण काढायला अल्ट्रासॉनिक कंपनं वापरली जात होती; १९६७ मध्ये केल्मन यांनी तेच तंत्र मोतीबिंदूसाठी आणलं; मग मेंदूच्या गाठी आल्या. यकृतासाठीचा सुरुवातीचा अनुभव १९८४ मध्ये अमेरिकेतल्या हॉजसन आणि डेलगेर्सिओ यांनी प्रसिद्ध केला. म्हणजे हे काही कालपरवाचं यंत्र नाही. चाळीस वर्षांत त्याची बरी-वाईट बाजू पुरेशी तपासून झाली आहे.

हातात धरायच्या हँडपीसच्या टोकाला टायटॅनियमची पोकळ टिप असते. यकृतासाठी सहसा २३ किलोहर्ट्झचा हँडपीस घेतात. म्हणजे टिप सेकंदाला २३,००० वेळा पुढे-मागे होते आणि कमाल सेटिंगला एका फेरीत सुमारे ३५० मायक्रोमीटर सरकते. ३६ किलोहर्ट्झचा हँडपीस हलका आणि बारीक असतो, पण तो मेंदूच्या कामाचा. यकृताच्या रुंद कापावर त्याचा वेग पुरत नाही. या कंपनांनी पेशींमधलं पाणी बुडबुडून पेशी फुटतात, टिपभोवतीच्या नळीतून येणाऱ्या सलाइनमध्ये त्यांचा चुरा मिसळतो आणि तोच चुरा टिपच्या पोकळीतून ओढला जातो. फोडणं, धुणं आणि शोषणं ही तिन्ही कामं एकाच टोकाशी होतात.

यकृताच्या पेशींत पाणी भरपूर आणि कोलॅजन कमी असतं. रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांच्या भिंतींत उलट. त्यामुळे ऊतक निघून जातं आणि वाळलेल्या घोसाळ्यातला गर झडून जाळी उरावी तशा नळ्या कापाच्या आरपार उभ्या राहतात. त्या बांधायच्या, क्लिप करायच्या की जाळायच्या, हे सर्जनने ठरवायचं. क्युसा स्वतः एकही शीर बंद करत नाही, ही गोष्ट ज्या युनिटमध्ये सगळ्यांना पक्की ठाऊक असते तिथे यंत्र नीट वापरलं जातं. हार्मोनिक किंवा लायगाशुअर या कापता-कापता शिरा बंद करणाऱ्या यंत्रांची सवय असलेला हात क्युसा धरतो तेव्हा ‘कापलं की बंद झालं’ असं गृहीत धरतो आणि पहिल्या दोन सेंटीमीटरातच फसतो.

लावताना

हँडपीस ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर आपोआप थंड होऊ द्यावा. घाईत गार सलाइनमध्ये बुडवला तर आतल्या ट्रान्सड्यूसरला आणि सांध्यांना धक्का बसतो. कनेक्टरमध्ये ओल राहिली तरी कन्सोल एरर देतो. टिप आधी हाताने फिरवून बसवायची आणि मग सोबत येणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळायची. ‘पाना सापडत नाही, हातानेच घट्ट करू’ हा शॉर्टकट ओटीतल्या सर्वाधिक बिघाडांच्या मुळाशी असतो: सैल टिप नीट कंप पावत नाही, कन्सोल अलार्म देतो, आवाज चिरका होतो आणि टिपच्या आट्यांपाशी तडा जातो. टिपवर सिलिकॉनचं आवरण, म्हणजे फ्लू, चढवायचं. टिपचं टोक त्यातून जरासंच बाहेर दिसलं पाहिजे. फ्लू मागे सरकला तर पाणी टोकापर्यंत पोहोचत नाही आणि उघडा पडलेला दांडा आतड्याला किंवा जखमेच्या कडेला भाजतो. पुढे सरकला तर टिप ऊतकाला लागतच नाही.

नळ्या जोडून झाल्या की वाटीभर सलाइनमध्ये टिप बुडवून पेडल दाबून पाहायचं. पाणी झरझर ओढलं गेलं आणि टिप वर काढताच टोकाशी बारीक फवारा दिसला की जोडणी बरोबर आहे. ही चाचणी पोट उघडण्याआधी करावी. ट्रान्सेक्शनच्या (यकृत कापण्याच्या) तोंडावर सिस्टरांना दुसरी टिप शोधायला धाडण्यात सगळ्यांचाच रक्तदाब वाढतो, एरवी तो कमी ठेवायची खटपट चाललेली असते.

सुरुवातीची सेटिंग निरोगी यकृतासाठी अशी ठेवता येते: अ‍ॅम्प्लिट्यूड (कंपनाची लांबी) ६० ते ७० टक्के, पाणी मिनिटाला ३ ते ५ मिली, सक्शन मध्यम. मोठ्या शिरेजवळ किंवा हायलमपाशी (यकृतात नळ्या शिरतात त्या जागेपाशी) गेल्यावर अ‍ॅम्प्लिट्यूड ४०–५० पर्यंत उतरवायचा आणि सक्शनही कमी करायचं. हिपॅटिक व्हेनची भिंत पातळ असते. जोरदार सक्शनने ती टिपच्या तोंडात ओढली जाते आणि भोक पडतं. यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शाखांभोवती ग्लिसनचं जाड आवरण असल्याने त्या जास्त मार खातात. म्हणून एकाच सेटिंगवर पोर्टल फांदी सुखरूप राहते आणि शेजारची हिपॅटिक व्हेन फाटते. यात यंत्राचा बिघाड काही नाही.

कापावर

यकृताच्या वरच्या आवरणावर क्युसा चालवू नका. ते आवरण कोलॅजनचं. टिप तिथे नुसती घासत राहते. रेषा आधी अल्ट्रासाऊंडने ठरवून डायथर्मीने (विजेच्या चटक्याने) आखून घ्यावी आणि पहिला एक-दीड सेंटीमीटर मोनोपोलर डायथर्मी किंवा हार्मोनिकने उघडावा. तिथल्या शिरा बारीक असतात, त्या जळून बंद होतात. खरं काम त्याच्या खाली सुरू होतं.

कापाच्या दोन्ही कडांना सिल्कचे टाके घालून हलका ताण ठेवला की फट पुस्तकासारखी उघडी राहते. ताण नसेल तर टिप खड्डा पाडते, खड्ड्यात रक्त साठतं आणि त्यातच टिप फिरत राहते. पेन धरल्यासारखा हँडपीस धरून टिप तिरपी ठेवायची आणि हलक्या हाताने मागे-पुढे फिरवायची. दाबायचं अजिबात नाही. जोर देणारा सर्जन यंत्राचा चमचा करतो आणि शीर दिसायच्या आतच तुटते. शीर दिसू लागली की तिच्या लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंनी साफ करायचं, आडवं जायचं नाही. हिपॅटिक व्हेनच्या फांद्या जिथे मुख्य शिरेला मिळतात त्या खाचेत फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून टिप शिरेच्या मुळाकडून टोकाकडे न्यायची. टोकाकडून मुळाकडे आलात की टिप नेमकी त्या खाचेत अडकते.

उघड्या पडलेल्या नळ्यांचं काय करायचं, याचा ढोबळ नियम असा: २ मिलिमीटरपर्यंत सलाइन ठिबकत ठेवलेला बायपोलर, २ ते ५ पर्यंत क्लिप किंवा बांधणी, त्याहून जाड असेल तर टाका, आणि मुख्य हिपॅटिक व्हेन किंवा पेडिकलसाठी (नळ्यांच्या देठासाठी) व्हॅस्क्युलर स्टेपलर. लायगाशुअरला ७ मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्यांसाठी मान्यता आहे. पण पित्तनलिकेबाबत त्या आकड्यावर विसंबू नये. धातूच्या क्लिपा राहणाऱ्या बाजूला भसाभस लावत गेलात तर पुढच्या फेरीत टिप त्यांनाच आपटते. कंप पावणारी टायटॅनियमची टिप धातूला लागली की सूक्ष्म तडे जातात आणि टोक मोडू शकतं. अशा वेळी मोडलेला तुकडा पोटात शोधण्याचं काम वाट्याला येतं. राहणाऱ्या बाजूला शक्यतो बांधावं, क्लिप निघणाऱ्या बाजूला ठेवावी.

हे सगळं एकट्याने होत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कर्करोग रुग्णालयाच्या गटाने दोन सर्जनांची पद्धत मांडली: एकाच्या हातात क्युसा, दुसऱ्याच्या हातात सलाइनवर चालणारा, चटक्याने शिरा बंद करणारा कॉटरी. एक उघडं करतो, दुसरा लगेच बंद करतो. आपल्याकडे दुसऱ्या बाजूला बहुधा रेसिडेंट बायपोलर धरून उभा असतो. त्याला शिकवायला वेळ दिला नाही तर यंत्राचा निम्मा फायदा तिथेच जातो. सिझेरियनच्या ओटीतून उसना आणलेला जाड टोकाचा बायपोलर घेऊन क्युसा वापरणाऱ्यांनी क्युसाला दोष देऊ नये.

रक्त कशाने कमी होतं

१९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी यकृताला रक्त नेणारा देठ चिमटीत धरून रक्तस्राव थांबवायची युक्ती सांगितली. ती अजूनही या शस्त्रक्रियेतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. आज सर्रास १५ मिनिटं दाबून ५ मिनिटं सोडायची पद्धत वापरतात. सलग दाबण्यापेक्षा असं थांबून-थांबून दाबणं यकृताला जास्त सोसतं, विशेषतः आधीच आजारी यकृताला, हे १९९९ मध्ये बेल्गिती यांच्या गटाच्या ८६ रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं.

पण प्रिंगलने आत येणारं रक्त थांबतं. हिपॅटिक व्हेनमधून मागे येणारं थांबत नाही. ते भूलतज्ज्ञाच्या हातात. १९९८ मधल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) ५ किंवा त्याखाली असलेल्यांचा रक्तस्राव मध्यक २०० मिली होता, ५ च्या वर असलेल्यांचा १,००० मिली. एवढा फरक कुठल्याही कापणाऱ्या यंत्राने आजवर दाखवलेला नाही. ट्रान्सेक्शन संपेपर्यंत सलाइन हात राखून द्यायचं, डोकं थोडं वर ठेवायचं, आणि कापणं संपलं की द्रव भरून काढायचे. क्युसा क्लॅम्पपेक्षा हळू चालतो, म्हणून ही कमी दाबाची अवस्था जास्त वेळ टिकवावी लागते. भूलतज्ज्ञाला हे आधीच सांगा. शिरेला भोक पडलं तर कमी दाबामुळे हवा आत ओढली जाण्याचा धोकाही त्याच वेळी असतो. तेव्हा भोकावर बोट ठेवायचं, टेबल समपातळीत आणायचं आणि ५-० प्रोलीनचा (बारीक धाग्याचा) टाका घालायचा. रक्ताच्या डबक्यात आंधळेपणाने क्लिपा मारल्या की भोक मोठं होतं.

सक्शनच्या डब्यावरचा (कॅनिस्टरमधला) आकडा वाचतानाही सावध राहावं. क्युसा स्वतःचं पाणी स्वतःच्याच सक्शनमध्ये टाकतो. मिनिटाला ५ मिली दराने ४० मिनिटं पेडल दाबलं तर २०० मिली सलाइन त्या डब्यात गेलं. बायपोलरवरचं ठिबक आणि धुण्याचं पाणी वेगळं. टांगलेल्या पिशव्यांमधून किती गेलं ते वजा न करता ‘७०० मिली गेलं’ म्हणून रक्त चढवलं जातं. पिशवी टांगतानाच तिच्यावर सुरुवातीची पातळी मार्करने लिहून ठेवावी, एवढी साधी सवय पुरते.

चाचण्या काय सांगतात

या यंत्राच्या बाजूने आणि विरुद्ध ज्या चाचण्या आहेत, त्या वाचताना आधी पाहायचं ते तुलना कशाशी केली आहे. १९५८ मध्ये तैवानच्या लिन यांनी बोटांनी यकृत चुरडून शिरा वेगळ्या करायची पद्धत मांडली. बोटांऐवजी क्लॅम्प आला आणि ‘क्लॅम्प-क्रश’ रूढ झालं. सगळी नवी यंत्रं याच पद्धतीशी तोलली जातात.

२००१ मध्ये टोकियोत १३२ रुग्णांवर क्लॅम्प आणि अल्ट्रासॉनिक डिसेक्टर यांची चाचणी झाली. रक्तस्रावात अर्थपूर्ण फरक नव्हता. रिसेक्शन किती नेमकं झालं, हद्दीवरची हिपॅटिक व्हेन नीट उघडी पडली का, यावर दिलेल्या गुणांत क्लॅम्पच वरचढ ठरला. हे वाचून अनेकांना धक्का बसतो. पण टोकियोतले हात क्लॅम्पवर घडलेले होते, हे विसरून चालणार नाही. ज्या हाताने हजार वेळा क्लॅम्प मिटला आहे, त्याला टिपच्या संवेदनेचं काय अप्रूप?

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास २००५ मधला झुरिकचा. १०० रुग्ण, चार गट, प्रत्येकी २५: क्लॅम्प-क्रश, क्युसा, पाण्याच्या धारेने कापणारं वॉटर-जेट आणि सलाइनवर चालणारा रेडिओफ्रीक्वेन्सी सीलर. क्लॅम्पने मिनिटाला ३.९ चौरस सेंटीमीटर कापलं, क्युसाने २.३. रक्तस्राव दर चौरस सेंटीमीटरला क्लॅम्पचा १.५ मिली, क्युसाचा ४. खर्चही क्लॅम्पचाच कमी. आकडे इतके ठसठशीत आहेत की खरेदी समितीत ते दाखवले की क्युसाची फाइल तिथेच बंद होते.

पण त्या अभ्यासात क्लॅम्पच्या गटाला प्रिंगल ठरवून लावलेला होता, बाकी तिघांना नेमाने नव्हता. म्हणजे तुलना यंत्रांची जेवढी, तेवढीच प्रिंगल असण्या-नसण्याची. संशोधकांनी हे लपवलेलं नाही, शीर्षकातच ‘चार धोरणं’ म्हटलं आहे. लपवतात ते उद्धृत करणारे. शिवाय त्या रुग्णांत सिऱ्होसिस (यकृत तंतुमय आणि घट्ट होणं) नव्हता. त्यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण पक्का आहे: निरोगी यकृतात प्रिंगलसह क्लॅम्प वापरलात तर क्युसाशिवाय काही बिघडत नाही. प्रिंगल नकोच असेल, तर क्युसा कामाला येतो का, याचं उत्तर त्यात नाही.

२००९ च्या कोक्रेन समीक्षेने सात चाचण्या आणि ५५६ रुग्ण एकत्र करून तोच कौल दिला: क्लॅम्प-क्रशला मागे टाकेल असं काही सापडलं नाही. रेडिओफ्रीक्वेन्सीने आधी कापाची रेषा शिजवून मग कापायच्या पद्धतीत तर २००७ च्या एका छोट्या चाचणीत गुंतागुंत वाढलेली दिसली. शिजलेली मृत पट्टी मागे राहते, तीच पुढे पू आणि पित्तगळतीचं घर होते. स्टेपलरची बाजू २०१४ मध्ये हायडेलबर्गच्या चाचणीत तपासली गेली: वेळ वाचला, रक्तस्राव तेवढाच राहिला.

चाचण्यांपलीकडे केस सीरिजचा (तुलनेचा गट नसलेल्या रुग्णनोंदींचा) ढीग आहे, आणि तिथे क्युसा नेहमी चमकताना दिसतो. ती वाचताना चार गोष्टी शोधा. रक्तस्राव कापाच्या क्षेत्रफळाने भागला आहे की नाही. कारण लहान वेज (पाचरीसारखा तुकडा) आणि उजवा लोब यांचे मिलिलिटर एका रांगेत मांडता येत नाहीत. ट्रान्सेक्शनचा वेळ वेगळा दिला आहे की सगळ्या शस्त्रक्रियेचा. सिऱ्होसिस आणि केमोथेरपीनंतरची यकृतं किती आहेत. आणि पित्तगळतीची व्याख्या कोणती. २०११ पासून एक मान्य व्याख्या आहे: तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतलं) बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं रंगद्रव्य, रक्तातल्याच्या किमान तिप्पट, किंवा पित्त साचल्यामुळे काही हस्तक्षेप करावा लागणं. त्याआधीच्या लेखांत ‘लीक’ म्हणजे ज्याला जे वाटेल ते.

कुठे खरोखर उपयोग

जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेत. भारतात यकृत प्रत्यारोपणाची भिस्त मुख्यतः जिवंत दात्यांवर आहे. उजवा लोब काढताना मधल्या हिपॅटिक व्हेनच्या कडेने जायचं असतं आणि यकृताच्या पाचव्या व आठव्या सेगमेंटमधून (उपभागातून) तिला मिळणाऱ्या जाड शाखा, साधारण ५ मिलिमीटर आणि त्यावरच्या, लांब देठासह राखायच्या असतात. ग्राफ्टमध्ये (काढून बसवायच्या यकृतात) त्या पुन्हा जोडल्या नाहीत तर त्या भागात रक्त तुंबतं. क्लॅम्पने चुरडताना अशी शाखा कधी तुटते, कधी आखूड राहते. क्युसाने ती दोन-तीन सेंटीमीटर स्वच्छ निघते. इथे दाता निरोगी माणूस आहे, त्याच्याकडे ३० ते ३५ टक्के यकृत राहायला हवं, आणि दोन्ही बाजूंचा कापाचा पृष्ठभाग जिवंत असायला हवा. टोकाशी उष्णता फार नसल्याने क्युसाच्या कापावर जळकी पट्टी राहत नाही. वीस मिनिटं जास्त लागली तर लागू द्यावीत.

दुसरं ठिकाण, गाठ मोठ्या शिरेला टेकलेली असताना. आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातल्या गाठी शिरेला चिकटून असल्या तरी पुष्कळदा शिरेच्या भिंतीवरून सोलून काढता येतात. ते सोलणं क्युसाने दिसत-दिसत होतं.

तिसरं, दुर्बिणीतून. लांब दांड्याची टिप घ्यावी लागते, ती जास्त नाजूक असते. पोटातला दाब १० ते १२ मिलिमीटर पारा ठेवून शिरांमधला झिरपा आटोक्यात राहतो. क्युसाच्या सक्शनने तो गॅसही ओढला जातो; पोटात गॅस जलद भरणारा इन्सफ्लेटर नसेल तर पोट बसतं आणि दृश्य जातं. फवाऱ्याने लेन्स धुकटते. पेडल तुकड्या-तुकड्याने दाबायचं. २०१८ मधल्या ऑस्लोच्या चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या यकृतातल्या गाठींसाठी दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियांत गुंतागुंत १९ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियांत ३१ टक्के निघाली. ते श्रेय दुर्बिणीचं, क्युसाचं नव्हे. पण त्या वाटेने जाणाऱ्याला शिरा दिसतील असं काहीतरी हाताशी लागतंच.

कुठे निराशा

सिऱ्होसिसमध्ये. तंतुमय पडद्यांत कोलॅजन भरलेलं असल्याने टिपला ऊतक आणि शीर यांतला फरक कळत नाही. मग अ‍ॅम्प्लिट्यूड ८०–९० वर नेतात, ऊतक निघतं आणि शिराही. वेग निम्म्याहून कमी होतो. इथे क्लॅम्पने चुरडून लायगाशुअरने बंद करणं बऱ्याचदा जास्त समंजस. फॅटी लिव्हर उलट बाजूचं: टिप लोण्यासारखी आत शिरते, सर्जन खुश होतो आणि वेगाच्या भरात शीर दिसायच्या आधीच पार करतो. तिथे अ‍ॅम्प्लिट्यूड कमी ठेवा. ऑक्झालिप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध घेतलेल्यांच्या निळसर, घट्ट यकृतात मोठ्या शिरा वाचतात, पण कापाचा सगळा पृष्ठभाग पाझरत राहतो. क्युसाकडे त्यावर उपाय नाही, तिथे प्रिंगल आणि सलाइनवरचा कॉटरी.

पित्तगळतीबाबत क्युसा पूर्ण निर्दोषही नाही आणि दोषीही नाही. नलिका दिसते, म्हणून बांधता येते. न बांधता बायपोलरने चटका देऊन पुढे गेलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रेन हिरवा येतो. कापणं संपल्यावर पांढरा पॅड दोन-तीन मिनिटं पृष्ठभागावर दाबून ठेवा आणि पिवळा ठिपका शोधा. मोठ्या रिसेक्शननंतर सिस्टिक डक्टमधून (पित्ताशयाच्या नलिकेतून) फॅट इमल्शन सोडून पाहिलं तर बारीक तोंडंही पांढरी उमटतात, आणि मिथिलीन ब्लूसारखा डाग मागे राहत नाही.

सांभाळणं आणि खरेदी

टिपच्या पोकळीचा व्यास दोन मिलिमीटरच्या आसपास असतो. रक्त वाळलं की ती बुजते. ट्रान्सेक्शनमध्ये थांबायचं असेल तर पेडल सोडून हँडपीस नुसता ठेवू नका. टिप सलाइनच्या वाटीत बुडवून दोन-चार वेळा ओढून घ्या. टिपमधून मोनोपोलर करंट देण्याची सोय काही हँडपीसना असते. ती मोहाची आहे, पण त्याने टोकाशी कोळसा धरतो आणि टिप तिथेच चोंदते. केस संपताच, टिप काढण्याआधी, भरपूर पाणी ओढून आतली वाट धुवायची. रात्रभर राहिलेला हँडपीस सकाळी सुईने खरवडणं म्हणजे पुढच्या केसचा अलार्म आजच लिहून ठेवणं. फवाऱ्यात रक्त असतं आणि हिपॅटायटीस बी-सीचे रुग्ण याच टेबलावर येतात. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांच्या, सिस्टरांच्याही.

खरेदीच्या वेळी कन्सोलच्या किमतीवर घासाघीस होते आणि खरा खर्च नजरेआड राहतो. तो टिप, फ्लू आणि नळ्यांच्या सेटमध्ये आहे, दर केसला. टिप एकदाच वापरायची की पुन्हा, हे कंपनीच्या लेबलवर काय आहे ते पाहून इन्फेक्शन कंट्रोल कमिटीने लेखी ठरवावं. पुन्हा वापरायची असेल तर फेऱ्या मोजणारी वही हवी आणि प्रत्येक फेरीआधी भिंगाखाली तडा तपासायला हवा. हँडपीस दोन घ्या. एक ऑटोक्लेव्हमध्ये असताना दुसरी केस अडत नाही, आणि हँडपीस पडून बिघडणं हे कन्सोल बिघडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. सीएमसीच्या (सर्वसमावेशक देखभालीच्या) करारात हँडपीस धरला आहे का, हे त्या ओळीवर बोट ठेवून विचारा. ‘अ‍ॅक्सेसरीज वगळून’ या दोन शब्दांत बहुतेकदा तोच वगळलेला असतो. दुरुस्तीला गेला तर बदली हँडपीस किती तासांत, आणि मुंबईहून की परदेशातून, हेही त्याच कागदावर यावं.

डेमो मागाल तर निरोगी यकृतावर घेऊ नका, तिथे सगळीच यंत्रं छान चालतात. घट्ट, सिऱ्होसिसच्या यकृताची नियोजित केस असेल त्या दिवशी बोलवा, बायपोलर तुमचाच ठेवा आणि टॉर्क पान्याने टिप तुमच्याच टेक्निशियनकडून आवळून घ्या.